हामचा शाप: मूळ पाठात नसलेल्या एका वाक्याची कथा

१/ २१ मार्च १८६१. अमेरिकेतील सव्हाना शहर. दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी नुकताच आपला स्वतंत्र संघ उभारला होता. त्याचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स त्या दिवशी सभेत बोलला. काळ्या माणसाचे दास्य हीच या नव्या राज्याची कोनशिला आहे, असे त्याने सांगितले. त्यासाठी त्याने दोन आधार दिले: एक निसर्गाचा आणि दुसरा कनानावरील शापाचा.

२/ हा शाप बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात येतो. चारशे वर्षांहून अधिक काळ त्याच्या बळावर गुलामांचा व्यापार पुण्यकर्म ठरवला गेला. मूळ उतारा मात्र जेमतेम दहा ओव्यांचा आहे. तो सावकाश वाचला, तर स्टीफन्सच्या कोनशिलेखाली जमीनच नव्हती हे दिसून येते.

३/ कथा अशी. जलप्रलय ओसरल्यावर नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि मद्यधुंद होऊन तंबूत उघडा पडला. मुलगा हाम याने ते पाहिले व बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि न पाहता पित्याला झाकले. शुद्धीवर आल्यावर नोहाने शापवाणी उच्चारली.

४/ पहिला प्रश्न: शाप कोणाला? हामला नाही. शाप आहे हामचा मुलगा कनान याला. तीन ओव्यांत कनानाचे नाव तीनदा येते आणि तिन्ही वेळा त्याच्या वाट्याला दास्य सांगितले जाते. शापात हामचे नाव एकदाही नाही. ‘हामचा शाप’ हा जगप्रसिद्ध शब्दप्रयोग ज्या ग्रंथाच्या नावावर खपला, त्या ग्रंथात तो सापडत नाही.

५/ दुसरा प्रश्न: शाप कोण देतो? देव नव्हे. या प्रसंगात देव एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो नुकताच नशेतून जागा झालेला, अपमानाने संतापलेला एक पिता. उलट त्याच अध्यायाच्या पहिल्याच ओवीत देवाने नोहाला आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद दिला आहे. त्या मुलांत हामही आहे.

६/ हा विरोध प्राचीन वाचकांच्या लक्षात आला होता. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांपैकी एकात या उताऱ्यावर भाष्य आहे. त्याचा आशय असा: नोहाने हामला शाप दिला नाही, कारण देवाने नोहाच्या मुलांना आधीच आशीर्वाद दिला होता. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा वाचकही ‘हाम का नाही?’ या प्रश्नावर थबकला होता.

७/ तिसरा प्रश्न: कातडीचा रंग कुठे आहे? कुठेच नाही. पुढच्या अध्यायात हामचे चार मुलगे दिले आहेत: कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश, मिस्राईम म्हणजे इजिप्त. आफ्रिकेशी ज्यांचा संबंध जोडता येतो, ते हे. शाप मात्र चौथ्याला आहे. त्याच्या वंशजांची सीमा ग्रंथ स्वतःच आखून देतो: सीदोनपासून गाझापर्यंत. तो प्रदेश भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आशिया खंडात आहे.

८/ कूशाच्या वंशाला तर ग्रंथ राज्य देतो. कूशाचा मुलगा निम्रोद हा पराक्रमी राजा, बाबेल ही त्याच्या राज्याची सुरुवात. पुढे मोशेने कूशी स्त्रीशी विवाह केल्याबद्दल मिर्यामने टीका केली, तेव्हा कोड फुटले ते टीका करणाऱ्या मिर्यामला, आणि तेही बर्फासारखे पांढरे. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीतून वर काढणारा एबद-मलेखही कूशीच होता.

९/ मग शाप कनानावरून सरकून आफ्रिकेवर गेला कसा? हळूहळू, टीकेच्या आणि आख्यायिकेच्या वाटेने. काही यहुदी, ख्रिस्ती व मुस्लिम आख्यानांत हाम आणि काळा रंग यांची सांगड पडली. पंधराव्या शतकात पोर्तुगीज बखरकार झुरारा याने आफ्रिकी माणसांच्या दास्याचे कारण म्हणून नोहाच्या शापाकडे बोट दाखवले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे धरून आणण्याचा पोर्तुगीज उद्योग तेव्हा नुकताच बहरत होता. व्यापाराला कारण हवे होते, आणि ते शोधणाऱ्याला सापडले.

१०/ याउलट, चौदाव्या शतकातील इब्न खल्दून. आपल्या ‘मुकद्दिमा’त तो स्पष्ट बजावतो की तौरातमध्ये शाप आहे, पण काळेपणाचा उल्लेख नाही, रंगाचे कारण हवामान व उष्णता. गंमत अशी की शाप हामलाच होता, हे तोही गृहीत धरतो. सावध वाचकाच्या हातूनही एखादी ऐकीव गोष्ट निसटते, ती अशी.

११/ सर्वांत बोलका प्रसंग अठराव्या शतकातील आहे. थॉमस न्यूटन या इंग्रज धर्मपंडिताला शाप कनानाला असणे अडचणीचे वाटले. एका अरबी भाषांतराचा आधार घेऊन ‘कनान’ऐवजी ‘कनानाचा बाप हाम’ असे वाचावे, असे त्याने सुचवले. इथे युक्तिवाद उघडा पडतो. आफ्रिकेला शापित ठरवायचे, तर आधी पाठ बदलावा लागतो.

१२/ गुलामगिरीचे विरोधक नेमके इथेच बोट ठेवत. थिओडोर वेल्ड याने १८३७ साली बायबलच्या आधारेच गुलामगिरीचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. शाप कनानाला आहे, आफ्रिकेला नाही, हा मुद्दा त्यात आहे. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात त्याला बोचरी जोड दिली. गोऱ्या मालकांपासून झालेली हजारो मुले दरवर्षी गुलामीतच जन्माला येतात. मग केवळ हामच्या वंशजांनाच दास करावे असा शास्त्राधार असेल, तर तो किती काळ टिकणार?

१३/ तरीही शाप मेला नाही, त्याने फक्त रूप बदलले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी ‘हामी’ ही आफ्रिकेतील एक उजळ, श्रेष्ठ, बाहेरून आलेली जमात असल्याची कल्पना रचली. रवांडात वसाहतवाल्यांनी ती तुत्सींना चिकटवली. १९९४ च्या वंशसंहारात तुत्सींना ‘परके’ ठरवणाऱ्या प्रचारामागे त्या कल्पनेची सावली होती. आधी हाम म्हणजे हीन, नंतर हाम म्हणजे श्रेष्ठ. मूळ पाठ दोन्ही वेळा कोणी उघडून पाहिला नाही.

१४/ सावध वाचनाची जबाबदारी मात्र इथे संपत नाही. ‘शाप कनानाला होता’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. अपराध बापाचा, शिक्षा मुलाला का? काहींनी हामचा अपराध नुसते पाहण्यापेक्षा घोर होता असे सुचवले. लेवीय पुस्तकात ‘नग्नता पाहणे’ हा शब्दप्रयोग शरीरसंबंधासाठी येतो, हे खरे. पण भावांनी पाठमोरे चालत वस्त्र घातले, या तपशिलाचा भर पाहण्यावरच आहे. गूढ उकलण्याच्या भरात तो तपशील पुसून चालणार नाही.

१५/ बऱ्याच आधुनिक अभ्यासकांच्या मते ही कथा इस्राएल आणि कनानी लोक यांच्या पुढील वैराची पूर्वपीठिका आहे. हे मान्य केले, तर आणखी एक कटू गोष्ट मान्य करावी लागते: आफ्रिकेची सुटका झाली, तरी कोणा एका लोकसमूहाचे दास्य ही कथा समर्थनीय ठरवतेच. शिवाय लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात परकीय दास बाळगण्याची मुभा आहे. प्रामाणिक वाचक जे पाठात नाही ते घालत नाही, तसेच जे आहे ते लपवतही नाही.

१६/ म्हणूनच ‘धर्मग्रंथातून काहीही सिद्ध करता येते’ हे लोकप्रिय मत अपुरे आहे. काहीही सिद्ध करता आले असते, तर न्यूटनला शब्द बदलण्याची गरज पडली नसती. पाठ प्रतिकार करतो. नावे, क्रम, बोलणारा कोण, गप्प कोण, हे सारे पाठाचे साक्षीदार आहेत. त्यांची उलटतपासणी न करता दिलेला निवाडा वाचकाचा असतो, ग्रंथाचा नव्हे.

१७/ महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. जुन्या कथांच्या आधारे माणसाला जन्मतः दास ठरवण्याचा व्यवहार त्यांनी इथेही पाहिला होता, आणि त्या कथा उलगडून वाचणे हेच त्यांनी हत्यार केले.

१८/ गुलामगिरी केवळ अचूक वाचनाने संपली नाही. त्यासाठी युद्ध झाले, आणि डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या संविधानात तेरावी दुरुस्ती करावी लागली. पण ज्या प्रवचनपीठांवरून हा शाप सांगितला जात होता, तिथे तो ग्रंथ उघडाच होता. समोर बसलेल्यांपैकी कोणीही ती तीन वाक्ये वाचून नाव तपासू शकत होता. न तपासण्यात अनेकांचा फायदा होता. पुढे कोणी ‘ग्रंथात लिहिलेच आहे’ असे म्हणाले, तर पहिला प्रश्न एवढाच: नेमके कुठे, कोणाच्या तोंडी आणि कोणाविषयी?

(समाप्त)