थोरलीच्या आधी धाकटी

आपल्याकडे थोरली बिनलग्नाची असताना धाकटीला आधी उजवली तर चार घरांत कुजबुज होते. मुंबईच्या रेल्वेत नेमके हेच घडले, आणि कुजबुज तर सोडाच, गव्हर्नरसाहेब जातीने हजर होते!

थोरली म्हणजे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली आपली मेन लाइन. धाकटी म्हणजे हार्बर शाखा. गेली चाळीस वर्षे तिचा पास माझ्या खिशात आहे, तेव्हा थोडा पक्षपात झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. १९१० साली ही धाकटी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली. गोद्या, वखारी, कोळशाचे ढीग यांच्या पाठीमागून. हौसेने पाहायला जावे असा तो मुलूख नव्हे. पण ३ फेब्रुवारी १९२५ला हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली ती बोरीबंदर ते कुर्ला, याच वाटेने. सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते समारंभ झाला. थोरली तेव्हा धूर सोडीत बाजूला उभी!

रे रोड ते बोरीबंदर हा तुकडा त्याच वेळी सुरू झाला. दाट वस्तीतून तो नेला उंचावरून. सँडहर्स्ट रोडला आजही थोरली खालून जाते आणि धाकटी तिच्या डोक्यावरून. लोकांच्या खिडक्यांशी टेकून जाणाऱ्या त्या रुळांवर धुराचे इंजिन नको, हे कोणाही गृहिणीने सांगितले असते. वाळत घातलेल्या धोतराची काय दशा झाली असती!

पण खरी गंमत बोरीबंदरला. वाफेची गाडी फलाटाला लागली की इंजिन पुढच्या टोकाला कोंडलेले. परतायचे तर मागच्या टोकाला दुसरे इंजिन जोडा, मग पहिल्याला सोडवा, त्याला पाणी पाजा, कोळसा चारा. तोवर फलाट अडलेला. विजेच्या गाडीला दोन्हीकडे तोंडे. मोटरमन या टोकाहून उतरतो, चालत त्या टोकाला जातो, की गाडी परतीला तयार. शिवाय मैलामैलावर थांबायचे, तर वेग चटकन घेता आला पाहिजे. तोही गुण या गाडीचा. तेवढ्याच रुळांवर जास्त गाड्या धावू लागल्या, त्या यामुळे. आपल्या उपनगरांचा सारा संसार त्या दोन तोंडांवर उभा आहे, असे मी तरी समजतो.

मग बाकीच्यांची रांग लागली. १९२८ला कुलाबा ते बोरिवली. पुढे घाट चढून वीज पुण्याला पोचली आणि १ जून १९३०ला दख्खनची राणी निघाली ती विजेवरच. धाकटी मात्र आपल्या चालीने वाढली. १९५१ला मानखुर्द, खाडी ओलांडून वाशीला जायला १९९२ उजाडले, पनवेलला १९९८. चाळीतल्या दोन खोल्यांतून निघालेले माझ्या नात्यातले तीन संसार तिनेच खाडीपार नेऊन वसवले.

आणि पहिलेपणाचा मान? तो धाकटीला महागात पडला. १९२५ची वीज १५०० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. दाब कमी, म्हणून प्रवाह भारी. तारा जाड, उपकेंद्रे जवळजवळ. देशभर २५,००० व्होल्टची नवी पद्धत आली. पश्चिमेकडची गाडी बदलली, थोरली बदलली. आमची पाळी सर्वांत शेवटी! ९ एप्रिल २०१६च्या रात्री जुन्या विजेची अखेरची गाडी कुर्ल्याहून निघाली. देशातल्या कोणत्याही मार्गावर तसली रेल्वे-वीज त्यानंतर उरली नाही.

तोवर फलाट आखूड म्हणून नऊ डब्यांत कोंबून जाणारे आम्ही; बाराचे सुख थोरलीला केव्हाच मिळालेले. २९ एप्रिल २०१६ला आमचीही पहिली बारा डब्यांची गाडी सुटली. पुढे साऱ्याच गाड्या लांबल्या, तेव्हा आमच्या पत्त्यांच्या मंडळाला आपला नेहमीचा डबा फलाटावर कुठे लागतो तेच कळेना. चार दिवस डाव मोडला. पाचव्या दिवशी भिडू पुन्हा जमले, पण बसायला जागा काही मिळाली नाही.