प्रश्न एकाला नको, सगळ्या वर्गाला हवा

‘समजलं का?’ असे विचारले की साठ मुलांचा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या होकारातून शिक्षकाला काहीच कळत नाही. ज्याला समजले तो हो म्हणतो, ज्याला समजले नाही तोही म्हणतो आणि ज्याचे लक्षच नव्हते तो शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो. मग एखादा प्रश्न येतो, पुढच्या बाकांवरचे चार-पाच हात वर जातात, त्यातले एक उत्तर बरोबर निघते आणि धडा पुढे सरकतो. उरलेल्या पंचावन्न मुलांनी त्या तासिकेत काही विचार केला की नाही, याचा कुणालाच पत्ता नसतो. कृतियुक्त शिक्षण, ज्ञानरचनावाद, आनंददायी शिक्षण या शब्दांची चर्चा महाराष्ट्रात अनेक वर्षे चालू आहे, पण तिचा रोख बहुधा साहित्य, खेळ, प्रकल्प आणि रंगवलेल्या भिंती यांच्याकडे राहिला. सुरुवात खरे तर या ‘हो’पासून व्हायला हवी, असे मला वाटते. वर्गात प्रश्न विचारण्याची रीत बदलली, तर नवी इमारत, नवे ॲप, नवी साहित्यपेटी यांतले काहीही न आणता साध्या वर्गातले शिकणे बदलते. ती बदलली नाही, तर बाकीचे बदल वरवरचे राहतात.

याला पुरावा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसते व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के निघाले. त्याआधी १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतील साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्या ताडून पाहिल्या, तेव्हा अशा वर्गांतली प्रगती व्याख्यानाच्या वर्गांपेक्षा सुमारे दुप्पट दिसली. हे महाविद्यालयांतले आकडे आहेत आणि ते जसेच्या तसे सहावीच्या वर्गाला लावणे चुकीचे ठरेल. पण त्यांच्यामागचे कारण वयाशी बांधलेले नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल ते तीनदा लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणाऱ्यांना उताऱ्यातले ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मेंदूने स्वतः धडपडून बाहेर काढलेली गोष्ट टिकते. कानावरून गेलेली, ऐकताना कितीही सोपी वाटली, तरी निसटते. आपल्या वर्गांत ही धडपड रोज चार-पाच मुलेच करतात.

ती सगळ्यांना कशी करायला लावायची, हे एका उदाहरणाने पाहू. दशांश अपूर्णांक शिकवताना शिक्षक फळ्यावर ०.५, ०.४५ आणि ०.४०५ या तीन संख्या लिहितात आणि सर्वांत मोठी कोणती ते विचारतात. अट एवढीच, की कुणी हात वर करायचा नाही आणि बोलायचेही नाही. अर्धा मिनिट शांतता, प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचे आणि सांगितल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. पाटी नसेल तर वहीचे मागचे पान चालते. एका नजरेत शिक्षकाला वर्ग दिसतो. अनेक पाट्यांवर ०.४०५ असेल, कारण पूर्ण संख्यांत अंक जास्त तर संख्या मोठी हे मूल शिकलेले असते आणि तोच नियम ते इथे लावते. या क्षणी बरोबर उत्तर सांगून टाकायचे नाही. शेजाऱ्याचे उत्तर वेगळे असेल तर त्याला आपले कारण पटवून द्या, असे सांगून दोन मिनिटे द्यायची, पुन्हा पाट्या वर घ्यायच्या आणि मग शिक्षकाने समजवायचे: ०.५ किलो म्हणजे ५०० ग्रॅम, ०.४५ म्हणजे ४५० आणि ०.४०५ म्हणजे ४०५. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात असेच करत आले. त्यांच्याकडे मतदानाची यंत्रे आली, आपल्याकडे पाटी पूर्वीपासून आहे.

इथे थोडे थांबावे असा एक बारकावा आहे. ज्यांनी ०.५ लिहिले त्या सगळ्यांना दशांश समजले, असे नाही. काही मुलांची समजूत उलटी असते: दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी, तितकी संख्या मोठी. अशा मुलाचे उत्तर इथे बरोबर येते आणि कारण मात्र चुकलेले असते. त्याला ओळखायला दुसरा प्रश्न लागतो, ०.३ मोठे की ०.४७? आधी अचूक ठरलेला हा विद्यार्थी आता ०.३ लिहितो. म्हणजे प्रश्न कोणता निवडला यावर सारे अवलंबून असते आणि चांगला प्रश्न मुले कुठे चुकतात याच्या जाणकारीतून तयार होतो. विज्ञानातही तसेच आहे. बर्फाचा एक खडा उघडा ठेवला आणि दुसरा घोंगडीत गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल? घोंगडी ऊब देते, म्हणून गुंडाळलेला आधी वितळेल, असे पुष्कळ मुलांना वाटते; बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून नेताना त्यांनी पाहिलेली असली तरीही. बाहेरचे ज्ञान आणि वर्गातले ज्ञान यांची गाठ आपोआप पडत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले सुट्ट्या पैशांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण पुस्तकी मांडणीतले तसेच गणित त्यांना सुटत नव्हते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. ही गाठ घालून देणारा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारावा लागतो.

शांततेची अटही वाटते तितकी किरकोळ नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे आढळले. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. घरी प्रमाण मराठी न बोलणाऱ्या मुलाला, ज्याच्या घरात पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते त्याला, प्रश्न समजून शब्द जुळवायला याहून जास्त वेळ लागतो. एका सेकंदात उत्तर मागणारा वर्ग त्याला रोज नकळत बाहेर ठेवतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप शिक्षणशास्त्राच्या आतूनच येतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये ठामपणे मांडले, की नवशिक्या विद्यार्थ्याला फारसे मार्गदर्शन न करता ‘स्वतः शोध’ म्हणून सोडून देणे फसते. त्याच्या स्मरणशक्तीवर ताण येतो आणि हाती चुकीच्या समजुती लागतात. हा आक्षेप मला मान्य आहे. मुलांना साहित्य देऊन शिक्षकाने बाजूला व्हावे, ‘मी फक्त सुलभक’ म्हणावे, यात कितीतरी मुलांचे नुकसान होते आणि सर्वाधिक नुकसान ज्यांना घरी कुणी शिकवणारे नाही त्यांचे होते. पण पाटीवरच्या प्रश्नाने शिक्षकाचे स्पष्टीकरण हटत नाही, ते योग्य वेळी येते. मुलाने आधी अंदाज बांधलेला असतो, शेजाऱ्याशी वाद घातलेला असतो आणि आता त्याला उत्तर जाणून घ्यायचे असते. शिक्षकालाही साठांपैकी किती जण नेमके कुठे अडले आहेत, हे दिसलेले असते. उत्तम व्याख्यान देणाऱ्या शिक्षकाचे या रीतीत काहीच जात नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमाने २००९ मध्येच कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याची अपेक्षा लिहून ठेवली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत साध्या परिस्थितीत राबवून दाखवली आणि त्या पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. यातून जे पाहता येते, ज्याचा फोटो काढता येतो, ते झपाट्याने पसरले: रंगवलेल्या फरशा, तक्ते, मणी, काड्या. मूल चुकल्यावर ‘तुला असं का वाटलं?’ असे विचारून उत्तर ऐकत थांबणे मात्र फोटोत येत नाही, म्हणून ते त्या वेगाने पसरले नाही. दहावीच्या भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तेव्हाही हेतू चांगला होता. पण कृतींचे साचे ठरले, तयार उत्तरांची पुस्तके बाजारात आली आणि स्वमतसुद्धा पाठ करता येते हे मुलांनी शोधून काढले. परीक्षेचे नाव बदलले तरी तासिकेतला प्रश्न तोच राहिला, तर पाठांतर नव्या साच्यात बसते.

शेजारच्या मध्य प्रदेशाने याहून मोठा धडा देऊन ठेवला आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते काम जिल्ह्यातल्या सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेले आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने ते पुढे नेले. खेड्यातल्या सरकारी शाळांतली मुले गटागटाने प्रयोग करत, वर्गात चर्चा करून निष्कर्ष लिहीत आणि मनातले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होई, सोबत प्रात्यक्षिकही असे. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे आणि मासिक बैठका हा या कामाचा कणा होता. आपल्या अरविंद गुप्तांच्या आगपेटीच्या काड्यांच्या आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची सुरुवातही याच कार्यक्रमातली. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. बंद झाला म्हणजे पद्धत फसली, असे काही जण म्हणतात. तीस वर्षे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चाललेल्या कामाला फसलेले म्हणणे मला पटत नाही. त्यातून दिसते ते वेगळे: अशी रीत टिकवायची तर शिक्षकांना नियमित भेटण्याची जागा आणि तिला अनुरूप परीक्षा, दोन्ही लागतात. साहित्यपेटी त्यानंतर येते.

आता वर्गातल्या शिक्षकांचे आक्षेप. पहिला, पोर्शन कसा पूर्ण होणार? पाटीवरच्या एका प्रश्नाला सात-आठ मिनिटे जातात. तासिकेत असे दोन प्रश्न घेतले तर अर्धा वेळ उरतो आणि उदाहरणे फळ्यावरून उतरवून घेण्यात जाणारा वेळ कमी केला तर त्याहून जास्त. शिवाय साठ मुलांपर्यंत न पोचलेला पोर्शन फक्त टाचणवहीत पूर्ण झालेला असतो. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. दोन मिनिटांच्या बोलण्याने गोंगाट होतो हे खरे, पण पाट्या वर करण्याची खूण पक्की असली की वर्ग परत येतो. तिसरा जास्त नाजूक आहे: चुकलेली पाटी सगळ्यांना दिसली तर मूल शरमेल. म्हणून पाट्या शिक्षकाकडे तोंड करून धरायच्या, नाव घेऊन चूक वाचायची नाही आणि ‘हे उत्तर पुष्कळांचे आहे, त्यामागचा विचार काय असेल?’ असे विचारायचे. चौथा आक्षेप मुले आणि पालक यांचा असतो: सर शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सक्रिय वर्गातल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, चाचणीत मात्र ते जास्त शिकलेले निघाले. डोक्याला ताण पडला की शिकणे अवघड वाटते. हे पालकसभेत आधीच सांगून ठेवले, तर पुष्कळ तक्रारी उद्भवत नाहीत.

एका मर्यादेकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. ज्याला फळ्यावरचा प्रश्नच वाचता येत नाही, त्याला पाटी देऊन भागणार नाही. त्याच्यासाठी दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून, वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवावे लागते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत उभी केली आणि तिचे परिणाम अनेक प्रयोगांत तपासले गेले आहेत. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत तीन इयत्ता बसतात, तिथे तर गट आपसूकच असतात.

हे सारे शिक्षकाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांत त्यांचा वेळ जातो, तो आधी परत द्यायला हवा. केंद्रपातळीवर शिक्षण परिषद होते. तिथला वेळ परिपत्रके वाचून दाखवण्यात जाऊ नये. पुढच्या महिन्याच्या घटकांवर प्रत्येक विषयाचे तीन प्रश्न शिक्षकांनी मिळून बांधावेत, त्यांची ठरावीक चुकीची उत्तरे लिहून काढावीत आणि मागच्या महिन्याच्या प्रश्नांवर मुलांनी काय लिहिले ते एकमेकांना दाखवावे. केंद्रप्रमुखांच्या वर्गभेटीच्या नोंदीत तक्ते किती, साहित्य किती, याच्या आधी एक रकाना असावा: या तासिकेत प्रत्येक मुलाने स्वतःचे उत्तर किती वेळा लिहिले?