नाण्याची चमक आणि तारापूरचं आम्लपाणी

एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं: ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. पत्र्याच्या चकत्या कापून भट्टीत मऊ करतात. तापवताना चढलेली पुटं आम्लात धुतात, हेच पिकलिंग. मग टांकसाळीत ठसा उमटतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीत नाणी पाडत नाहीत, पण तिथल्या स्टील कारखान्यांत पिकलिंग होतं. आम्लपाण्यात क्रोमियम, निकेल उतरतं. त्यात रसायन व कापड कारखान्यांच्या सांडपाण्याची भर पडते. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. २०१८च्या केंद्रीय निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं. आम्लपाणी चुना घालून कारखान्याच्या आवारातच निवळतं का, हे आधी तपासायला हवं.