कुवेत: तेल आहे, पण विचारणार कोण?

कुवेतमध्ये एकही बारमाही नदी नाही. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवावं लागतं. तरी हा छोटासा मुल्क श्रीमंत आहे, कारण १९३८ मध्ये बुर्गानच्या वाळूखाली तेल सापडलं. आजही सरकारी तिजोरीत येणाऱ्या दर १० दिनारांपैकी जवळपास ९ तेलाचेच असतात.

नागरिकांच्या पगारावर आयकर नाही आणि बहुतेक कुवेती सरकारी नोकरीत आहेत. मग बांधकाम, दुकानं, घरकाम कोण करतं? बाहेरून आलेले लोक. दर तीन रहिवाशांपैकी जवळपास दोघं परदेशी, आणि त्यात सर्वांत मोठा गट भारतीयांचा, सुमारे १० लाख.

तेलाचा भाव पडला की बजेट तुटीत जातं. खर्चावरून सरकार आणि निवडून आलेले खासदार यांच्यात वर्षानुवर्षं खटके उडत होते. शेवटी १० मे २०२४ रोजी अमीर शेख मिशअल यांनी संसद बरखास्त केली, घटनेची काही कलमंही चार वर्षांपर्यंत स्थगित केली. आता निर्णय झटपट होतील, पण जाब विचारणारं सभागृह नाही.

परदेशी मजुराला तर आधीही मत नव्हतं. त्याचा तिथला मुक्काम मालकाच्या, म्हणजे कफीलच्या हातात. जून २०२४ मध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४० हून जास्त भारतीय दगावले. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या पोरांनी म्हणूनच नुसता पगाराचा आकडा पाहू नये. करारात काय लिहिलंय आणि राहायची सोय कशी आहे, हे निघण्याआधीच विचारून घ्यावं.