‘मूळ’ चित्र कोणाचे?

द्वितीय वर्ष, कला

एकोणिसाव्या शतकातील व्यंगचित्रांच्या आणि पुस्तकांतल्या चित्रांच्या ‘मूळ प्रती’ जमविणारे शौकीन विलायतेत बरेच आहेत. चित्रकाराच्या हातचा कागद मिळाला की त्यांना धन्यता वाटते. त्यांचा छंद त्यांना लखलाभ! पण त्या काळात ‘मूळ’ म्हणजे काय, हे आधी पाहावे असे मला वाटते.

लंडनचे ‘पंच’ साप्ताहिक १८४१ साली निघाले. त्यातील चित्रे छापण्याची रीत अशी : चित्रकार बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर उलटे चित्र काढी. मग कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून टाकी. मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे जोडीत. घाई असली की ते सुटे करून एकेक जण एकेक तुकडा कोरी. काम संपले की ठोकळ्यावरचे पेन्सिलीचे चित्र उरतच नसे. छपाईसाठी मूळ चित्राचा बळीच दिला म्हणा ना! पुढे फोटोच्या साह्याने चित्र लाकडावर उतरू लागले, तेव्हा कुठे कागद वाचला.

आणि कारागीर? १८६५ च्या ‘अ‍ॅलिस’मधील पुष्कळ चित्रांवर जॉन टेनिएलची आद्याक्षरे आहेत, तशी ‘डॅल्झील’ ही सहीही आहे. टेनिएल हा एक माणूस. डॅल्झील हा भावाभावांचा कारखाना. तिथे पगारावर बसून प्रत्यक्ष रेष कोणी कोरली, हे ती सही सांगत नाही. ते ठोकळे १९८५ मध्ये लंडनच्या एका बँकेच्या तळघरात सापडले. त्यांना ‘मूळ’ म्हणायला काय हरकत आहे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, वडील सुतार. पटाशी केसभर सरकली तर फळी वाया जाते, हे लहानपणापासून पाहतो आहे. म्हणून ‘कारागिराने फक्त कोरले’ यातला ‘फक्त’ मला खटकतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हेगला ओढगस्तीत राहत असताना इंग्रजी साप्ताहिकांतील छापील चित्रे जमवीत होता. १८८३ च्या सुमारास त्याने ‘ग्राफिक’चे जुने खंडच विकत घेतले. त्याची निवड मला अधिक पटते. त्या कलेचे पुरे झालेले रूप छापील पानावरच होते, आणि त्यात दोघांचेही हात होते. ज्यांना कागदच हवेत त्यांनी ते खुशाल घ्यावेत. मात्र संग्रहालयांनी अशा छापील चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराच्या नावानंतर आणखी एक ओळ लिहावी : ‘कोरणारा – नाव माहीत नाही’.