चिंचिला आणि प्लॅस्टिकचा चेंडू

परदेशात लेकीकडे नाहीतर मुलाकडे सहा महिने राहून यायचं, हे हल्ली आपल्या गावोगावच्या घरांतून नेहमीचं झालं आहे. जाताना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सगळं आठवणीनं बांधलं जातं. पण तिकडच्या घरात माणसांखेरीज आणखी कोण राहतं, हे बरेचदा तिथं पोचल्यावरच कळतं. कुत्रं-मांजर आपल्या सवयीचं. नातवाच्या खोलीत पिंजऱ्यात चिंचिला दिसला, तर मात्र पंचाईत होते. आईवडील कामावर गेले की नातवावर आणि त्याच्या चिंचिलावर लक्ष ठेवणं आजीकडेच येतं. तेव्हा आज या प्राण्याविषयी, आणि विशेषतः त्याला ज्यात घालून पळवतात त्या प्लॅस्टिकच्या चेंडूविषयी लिहिते. तुमची आई किंवा सासूबाई निघायच्या तयारीत असतील तर त्यांना जरूर वाचायला द्या.

चिंचिला हा उंदीर-खारीच्या जातकुळीतला. झुपकेदार शेपूट, मोठे पातळ कान, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे तिसरीतल्या मुलाला आणून दिलेला चिंचिला तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असतो! मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड, कोरड्या, खडकाळ जागी राहणारा. तिथल्या गारठ्यासाठी त्याला जी लोकर मिळाली आहे तिला तोड नाही. आपल्या डोक्यावर एका मुळातून एखाद-दोन केस येतात, याच्या अंगावर पन्नासाहून जास्त. या लोकरीपायीच तो रानातून जवळजवळ संपला, कारण बाईमाणसाच्या एका लांब कोटाला शंभरावर कातडी लागत. १९२३ साली मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण-इंजिनिअरनं चिलीतून मोजके जिवंत चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. तिकडच्या घरांतले पाळीव चिंचिला बहुतेक त्यांचीच पिलावळ.

एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे सगळी गोम त्या लोकरीत आहे. चिंचिलाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन कान. खोलीत साठ ते सत्तर फॅरनहाइट असलं की तो मजेत असतो, आपल्या हिशेबात पंधरा ते एकवीस अंश. ऐंशी फॅरनहाइटच्या, म्हणजे सत्तावीस अंशांच्या पुढं गेलं की जिवाला धोका, आणि हवा दमट असेल तर त्याच्या आधीच. आपल्याला पंखासुद्धा लावावासा वाटत नाही अशा हवेत त्याला उष्माघात होऊ शकतो.

आता तो चेंडू. फूटभर व्यासाचा, पारदर्शक, दोन वाट्या जोडल्यासारखा. हवेसाठी बारीक फटी. प्राण्याला आत घालून झाकण फिरवलं की तो आतून पावलं टाकतो आणि चेंडू घरभर गडगडतो. मुलांना फार मौज वाटते, आणि प्राणी सोफ्याखाली गडप होत नाही म्हणून आईबापही खूश असतात.

पण आत काय चाललेलं असतं? लोकरीतला जीव पळून तापतो, त्याच्या श्वासानं आतली हवा तापते, आणि त्या फटींतून वारा असा खेळत नाही. शिवाय अंग लांब नि चेंडू लहान, त्यामुळे पाठीला सतत बाक येतो. फटीत नखं-बोटं अडकून मोडतात. चिंचिलाचं बरंचसं जग मिशांवर आणि कानांवर चालतं, आणि आत तर मिशा प्लॅस्टिकला घासतात, खडखडाट कानात घुमतो, समोरचा टेबलाचा पाय कळेपर्यंत धडक बसलेली असते. पाणी नाही, आडोसा नाही, आणि लेंड्या पडतात त्या पायाखालीच.

माझ्या वन्सं न्यू जर्सीला असतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला चिंचिला मिळाला, आणि दुकानदारानं त्याच्यासोबत चेंडूही गळ्यात मारला. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई तिकडे होत्या. एका दुपारी भाच्यानं चिंचिलाला चेंडूत घातलं नि स्वतः टीव्हीसमोर बसला. पंधरा-वीस मिनिटं गडगड चालली, मग थांबली. भाचा म्हणाला, "दमलाय गं आजी, आत्ता परत पळेल." सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं. जनावराची धाप त्यांना लांबूनही कळते. त्यांनी वाकून पाहिलं तर तो आडवा पडलेला, कान कुंकवासारखे लाल आणि हनुवटी लाळेनं ओली. त्यांनी नातवाकडून झाकण उघडून घेतलं, चिंचिलाला बाहेर काढून न्हाणीघरातल्या गार फरशीवर ठेवलं आणि वन्संना फोन लावायला सांगितला. जनावरांच्या डॉक्टरांकडे वेळेवर पोचले म्हणून वाचला. डॉक्टरांनीही सांगितलं, चेंडू बंद.

सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "अगं, चार दिवस आधीच माझ्या मनात येत होतं, पण लेकीचं घर, तिथल्या रीती वेगळ्या, म्हणून गप्प राहिले." हे अगदी आपल्यातलंच झालं, नाही का? जावयाच्या घरी आपण कशाला नाक खुपसा! पण इथं बोलायला काही हरकत नाही, आणि त्यांनी ज्या रीतीनं सांगितलं तेही मला आवडलं. नातवाला रागावल्या नाहीत. दुपट्याचा ढीग काढला आणि म्हणाल्या, "ही दोन दुपटी पांघरून घरभर पळून दाखव बरं." दोन फेऱ्यांतच स्वारी दुपटी टाकून मोकळी झाली. "तुला टाकता आली, त्याला कशी टाकता येणार?" बस्स, एवढंच.

जनावर पळतंय म्हणजे ते खेळतंय असं आपण धरून चालतो. चिंचिला चाकावर पळतो तेव्हा कंटाळा आला की उतरतो. चेंडूतून त्याला उतरता येत नाही. कित्येकदा तो पळतो तो बाहेर पडायच्या धडपडीनं.

माझं मत विचाराल तर चिंचिलासाठी चेंडू वापरूच नये. (आमच्या भाच्याच्या चेंडूत आता त्याचे लेगोचे तुकडे राहतात.) पण दुसऱ्याच्या घरी आपलं ऐकलं जाईलच असं नाही. तिथं वापरणारच असतील तर निदान दहा मिनिटांच्या वर नको, आणि तेही संध्याकाळी, खोली सत्तर फॅरनहाइटच्या आत असताना. जिना असेल तिथं तर मुळीच नको. झाकण पक्कं लागलंय ना ते बघावं, कुत्र्या-मांजराला बाहेर घालवावं, आणि मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. तो थांबला की चेंडू ढकलायचा नाही, उघडायचा. मुलं नेमकी ढकलतात!

चेंडू नको तर मग व्यायाम कसा? चिंचिला उड्या मारणारा प्राणी आहे, चार-पाच फूट उंच सहज जातो. त्याला आडव्या पिंजऱ्यापेक्षा उंच पिंजरा आणि त्यात चढत्या लाकडी फळ्या हव्यात. चाक द्यायचं तर पंधरा इंचांहून कमी नको, आणि पळायची बाजू सलग पत्र्याची हवी, जाळीची नको.

सगळ्यात छान म्हणजे रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास त्याला एका बंद खोलीत मोकळं सोडणं. न्हाणीघर उत्तम. कमोडचं झाकण बंद, साबण-फिनेल वर, जमीन कोरडी आणि विजेची एकही वायर नको, कारण त्याचे दात जन्मभर वाढतात आणि दिसेल ते कुरतडतो. आपण जमिनीवर मांडी घालून स्वस्थ बसावं. थोड्या वेळानं तोच अंगाखांद्यावर चढतो. मागून झडप घालून धरू नये. घाबरला की हातात लोकरीचा पुंजका ठेवून निसटतो, आणि ती जागा भरून यायला महिने लागतात. परत पिंजऱ्यात न्यायचं तर त्याच्या धूळ-अंघोळीचं भांडं समोर ठेवा. चिंचिला पाण्यानं नव्हे, खास मिळणाऱ्या बारीक खनिज धुळीत लोळून अंग साफ करतो. भांडं दिसलं की आपणहून आत शिरतो, मग भांड्यासकट उचला.

पिंजऱ्यात संगमरवराचा एखादा तुकडा, आपल्या पोळपाटाएवढा, ठेवावा. उकडलं की तो त्यावर पसरून बसतो. तरीही कान लाल, धाप, लाळ, आडवं पडणं यांतलं काही दिसलं, तर गार खोलीत न्यावं, फार तर कान ओल्या फडक्यानं पुसावेत आणि डॉक्टरांना लगेच फोन करावा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये. एकदम गारठा सोसत नाही, आणि त्या दाट लोकरीत शिरलेलं पाणी वाळता वाळत नाही.

आपल्याकडे हा प्राणी घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी नकोच म्हणेन. नागपूरचा मे महिना काय किंवा मुंबईची दमट हवा काय, रात्रंदिवस एअरकंडिशनर चालू ठेवल्याशिवाय त्याचा निभाव लागायचा नाही. आणि दुपारी बारा वाजता वीज गेली की काय करणार?

तिकडे जाणाऱ्या आजींसाठी आणखी एक. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर त्यावर एक टोपली ठेवून दर रविवारी चिंचिलाचं वजन करा आणि कॅलेंडरवर मांडा. वजन आठवड्या-आठवड्याला घटत गेलं किंवा वाळलेलं गवत खाणं थांबलं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला लावा.