विश्लेषण : ‘व्हीएमवेअर’ सोडताना सर्व्हर बंद का करावे लागतात? चालू मशीनची मेमरी फाइलमध्ये साठवण्याचं तंत्र नेमकं काय?

‘नियोजित देखभालीसाठी आमची सेवा रात्री १ ते ५ बंद राहील.’ बँक, विमा कंपनी किंवा सरकारी पोर्टलचा असा मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. यामागे अनेक कारणं असू शकतात. पण गेल्या दोन वर्षांत जगभरातल्या आयटी विभागांना एक मोठं कारण मिळालं आहे : सर्व्हर एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर हलवणं.

चालू सर्व्हर बंद न करता हलवण्याचं तंत्र २० वर्षांहून जुनं आहे. त्याची मेमरी फाइलमध्ये साठवून नंतर जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू करण्याची सोयही आहे. तरीही हे सर्व्हर बंद का करावे लागतात? आणि मेमरीची ही फाइल चुकीच्या हाती पडली तर काय?

या स्थलांतराची सुरुवात कुठून झाली?

अमेरिकी चिप कंपनी ब्रॉडकॉमने मे २०२२मध्ये व्हीएमवेअर विकत घेण्याची घोषणा केली. तेव्हा या व्यवहाराची किंमत सुमारे ६१ अब्ज डॉलर सांगण्यात आली होती. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला आणि पुढच्याच महिन्यात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं. एकदा पैसे भरून सॉफ्टवेअर वापरत राहण्याऐवजी ठरावीक मुदतीची वर्गणी भरणं आलं. सुटी उत्पादनं कमी झाली, एकत्रित पॅकेज आली.

यामुळे उत्पादनांची रचना सोपी झाली, असं ब्रॉडकॉमचं म्हणणं आहे. अनेक ग्राहकांना मात्र ते मान्य नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये कोर्टात धाव घेतली. त्या वादात पुढे तडजोड झाली. युरोपातल्या क्लाउड कंपन्यांची संघटना ‘सिस्पे’ने जुलै २०२५मध्ये या खरेदीला दिलेली मंजुरीच रद्द करावी, अशी मागणी युरोपीय न्यायालयाकडे केली.

त्यातच व्हीस्फिअर ७ या आवृत्तीचा नियमित सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही आवृत्ती वापरणाऱ्यांपुढे वर्गणी घेऊन पुढच्या आवृत्तीवर जाणं किंवा व्हीएमवेअर सोडणं, हे दोन सरळ मार्ग उरले. सोडणाऱ्यांपैकी बरेच जण ‘केव्हीएम’ या लिनक्समधल्या मोफत तंत्राकडे किंवा त्यावर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्स, ओपनशिफ्टसारख्या पर्यायांकडे वळत आहेत.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

डेटा सेंटरमध्ये प्रत्येक सेवेसाठी वेगळा कॉम्प्युटर नसतो. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतःला स्वतंत्र कॉम्प्युटर समजून चालतो. हे झालं व्हर्च्युअल मशीन. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. व्हीएमवेअर आणि केव्हीएम हे दोन्ही हायपरव्हायजरच आहेत.

अशा मशीनच्या दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक म्हणजे डिस्क, जिथे फाइल्स कायमच्या असतात. दुसरी मेमरी, म्हणजे रॅम. या क्षणी कोण लॉगइन आहे, कोणता व्यवहार अर्धवट आहे, कोणतं गणित चालू आहे, हे सगळं मेमरीत असतं. मशीन बंद झालं की ती पुसली जाते.

चालू मशीन न थांबवता हलवतात कसं?

समजा, एक विद्यार्थी वहीत लिहितो आहे आणि मित्राला त्याच वेळी ती वही उतरवून घ्यायची आहे. मित्र आधी सगळी पानं उतरवतो. तेवढ्यात पहिल्याने काही पानांवर खाडाखोड केलेली असते. मग फक्त तीच पानं पुन्हा उतरवायची. प्रत्येक फेरीत बदललेली पानं कमी होत जातात. शेवटी मोजकीच उरली की क्षणभर पेन थांबवायचं, ती उतरवायची आणि पुढचं लिखाण नव्या वहीत सुरू करायचं.

कॉम्प्युटरच्या मेमरीचीही ‘पानं’ असतात. साधारणपणे एक पान ४ किलोबाइटचं. ६४ जीबी मेमरी असलेल्या मशीनमध्ये अशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पानं होतात. १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून ती सगळी एकदा पाठवायलाच किमान ५१ सेकंद लागतात. पण मशीन प्रत्यक्षात थांबतं ते फक्त शेवटच्या फेरीत. २००५मध्ये ‘झेन’ या हायपरव्हायजरवर संशोधकांनी ही पद्धत मांडली, तेव्हा चालू गेम सर्व्हर हलवताना तो अवघे ६० मिलिसेकंद थांबल्याची नोंद त्यांनी केली होती. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा या तंत्राची किंमत कळली. गुगल क्लाउडने ग्राहकांची मशीन रीस्टार्ट न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवून दुरुस्ती केली. मायक्रोसॉफ्ट अझूरला मात्र अनेक ग्राहकांची मशीन ठरल्यापेक्षा लवकर रीबूट करावी लागली.

मग मेमरी फाइलमध्ये कशासाठी साठवायची?

प्रत्येक वेळी मशीन घ्यायला दुसरा सर्व्हर तयार असतोच असं नाही. कधी त्याच सर्व्हरचं अपडेट करायचं असतं. कधी काम नसलेलं मशीन झोपवून खर्च वाचवायचा असतो. कधी काही बिघडलं तर परतता यावं म्हणून आत्ताची स्थिती जपायची असते. अशा वेळी मेमरी नेटवर्कवरून पाठवण्याऐवजी फाइलमध्ये लिहितात. लॅपटॉपच्या हायबरनेटसारखंच हे.

केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या ‘क्यूईएमयू’ या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय जुनी आहे, पण तिची रचना नेटवर्कच्या सवयीची होती. पानं एकामागून एक, नळातून पाणी यावं तशी फाइलमध्ये पडत. त्यातून दोन अडचणी होत्या. मशीन चालू ठेवून मेमरी साठवायला घेतली की बदललेलं पान पुन्हा फाइलच्या शेवटी जोडलं जाई. एकच पान दहा वेळा बदललं तर दहा प्रती होऊ शकत आणि फाइल मूळ मेमरीपेक्षाही मोठी होई. दुसरं, सगळं एका रांगेत लिहायचं असल्याने वेगवान डिस्क असूनही तिचा पूर्ण उपयोग होत नसे.

एप्रिल २०२४मध्ये आलेल्या क्यूईएमयू ९.० आवृत्तीत ‘मॅप्ड-रॅम’ नावाची नवी रचना आली. यात मेमरीच्या प्रत्येक पानाची फाइलमधली जागा आधीच ठरलेली असते. सिनेमागृहातल्या खुर्चीच्या नंबरासारखी. पान बदललं तर त्याच जागेवर नवं लिहायचं. त्यामुळे फाइल किती मोठी होईल याला मर्यादा येते. जागा ठरलेल्या असल्याने अनेक धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांच्या वाटेत न येता वेगवेगळी पानं लिहू शकतात. रिकामी पानं लिहावीच लागत नाहीत. मशीन पुन्हा सुरू करतानाही वाचन असंच समांतर होतं.

फरक साध्या गणितातून कळतो. सेकंदाला ५०० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. सेकंदाला ३ जीबीचा वेग मिळाला तर साधारण २१ सेकंद. मशीन थांबवून मेमरी साठवत असाल तर तेवढाच काळ ग्राहकाची सेवा बंद असते.

ही फाइल व्हीएमवेअरमधून केव्हीएममध्ये का नेता येत नाही?

खरी मेख इथे आहे. मेमरीच्या फाइलमध्ये फक्त पानं नसतात. प्रोसेसर कोणत्या सूचनेवर थांबला होता, आभासी नेटवर्क कार्डच्या आत काय चालू होतं, डिस्क कंट्रोलरकडे कोणतं काम बाकी होतं, याचीही नोंद असते. व्हीएमवेअरने दाखवलेलं आभासी हार्डवेअर वेगळं, केव्हीएमचं वेगळं. ज्या कार्डशी मशीन बोलत होतं, ते डोळे उघडल्यावर तिथे नसेलच, तर पुढचं वाक्य पूर्ण कसं होणार?

अगदी एकाच हायपरव्हायजरमध्येही अट असते. नव्या ठिकाणच्या प्रोसेसरमध्ये जुन्याच्या सगळ्या सुविधा हव्यात. इंटेलच्या सर्व्हरवर साठवलेली मेमरी एएमडीच्या सर्व्हरवर नीट उठेल याची खात्री नसते.

म्हणून व्हीएमवेअर सोडताना मेमरी मागेच टाकावी लागते आणि फक्त डिस्क नेली जाते. डिस्कचा साचा बदलायचा, नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर बसवायचे आणि मशीन नव्याने सुरू करायचं. यासाठी साधनं आहेत. प्रॉक्समॉक्सने मार्च २०२४मध्ये व्हीएमवेअरची मशीन थेट आयात करण्याची सोय दिली. काही साधनं मशीन चालू असतानाच डिस्कची बहुतांश प्रत आधी करून ठेवतात आणि शेवटी थोड्याच वेळासाठी ते बंद करतात. वेळ कमी होतो, पण शून्य होत नाही. शेकडो मशीन असलेल्या संस्थेला असे अनेक रात्रींचे ‘बंद’ आखावे लागतात.

मेमरीच्या फाइलचा धोका काय?

डिस्कवर पासवर्ड सहसा उघडा लिहिलेला नसतो, डेटा कुलूपबंद असू शकतो. पण काम करताना कुलूप उघडावंच लागतं आणि त्याची किल्ली मेमरीत असते. मेमरी फाइलमध्ये उतरली की किल्ल्या, लॉगइनची टोकन, ग्राहकांची माहितीही तिच्यासोबत उतरते. ती फाइल कॉपी करणाऱ्याला सर्व्हर फोडायची गरजच उरत नाही.

म्हणूनच ॲमेझॉनच्या क्लाउडवर मशीन हायबरनेट करायचं असेल तर त्याची मुख्य डिस्क एन्क्रिप्टेड असणं सक्तीचं आहे. डिसेंबर २०२५मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सायबर यंत्रणांनी ‘ब्रिकस्टॉर्म’ या मालवेअरबद्दल इशारा दिला. त्यात हल्लेखोर व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन कन्सोलमध्ये शिरून मशीनच्या स्नॅपशॉटच्या प्रती चोरतात आणि त्यातून लॉगइनची माहिती काढतात, असं म्हटलं होतं.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. एकाच फाइलवरून दोन मशीन उठवली, तर दोघांची ‘स्मृती’ सारखीच असते. सुरक्षेसाठी लागणारे यादृच्छिक आकडेही मग सारखेच निघू शकतात. लिनक्समध्ये २०२२पासून यावर उपाय आहे : मशीनची प्रत झाल्याचं कळताच ते आकड्यांचा स्रोत नव्याने भरून घेतं. पण त्यासाठी हायपरव्हायजरने तसा इशारा द्यावा लागतो.

भारतासाठी याचा अर्थ काय?

ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर आहेत. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी सेवांचा मोठा भाग व्हर्च्युअल मशीनवरच चालतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. डेटा सुरक्षित ठेवण्यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्थलांतराच्या गडबडीत एखाद्या फोल्डरमध्ये विसरलेली मेमरीची फाइल हाही वैयक्तिक डेटाच आहे.

व्हीस्फिअर ८चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२७मध्ये संपणार आहे. म्हणजे आज व्हीएमवेअरवर थांबलेल्या संस्थांनाही दीड-दोन वर्षांत हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागेल. ग्राहकांच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या : सेवा किती वेळ बंद राहणार हे आधी स्पष्ट सांगितलं जातं का आणि काम झाल्यावर जुन्या सर्व्हरवर उरलेल्या प्रती खरंच पुसल्या जातात का. पहिल्याचं उत्तर मेसेजमध्ये मिळतं. दुसऱ्याचं उत्तर संस्थेकडून मागावं लागेल.